मांजर, वारा आणि पळी

आत्याबाईंशी वाद घालून जिंकलेला माणूस अख्ख्या हवेली तालुक्यात माझ्या पाहण्यात नाही. हरलेला मात्र मी रोज सकाळी दाढी करताना आरशात पाहत असे. तशा त्या माझ्या कोणी आत्या नव्हत्या. आमच्या भिंतीपलीकडे कारखान्यातला एक बिनलग्नाचा केमिस्ट राहायचा, त्याच्या त्या आत्या. पण तो बिचारा शिफ्टला निघालेला, शिफ्टवरून आलेला किंवा मग झोपलेला असायचा, त्यामुळे त्यांना आत्या म्हणायचं काम आम्ही शेजाऱ्यांनी आपसांत वाटून घेतलं होतं. वय साठीच्या पुढे, उंची जेमतेम साडेचार फूट, आणि आवाज असा की कारखान्याचा भोंगा बिघडला तर त्यांना नुसतं फाटकाशी उभं केलं असतं तरी पहिली पाळी वेळेवर आत गेली असती.

त्या काळी पिंपरी-चिंचवड म्हणजे एक पुणे-मुंबई रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी, आणि ज्वारीतच उगवल्यासारखे दिसणारे दोन-चार कारखाने. कारखाने आले, माणसंही आली, पण माणसांनी राहायचं कुठे हे कोणी ठरवलेलं नव्हतं. म्हणून चिंचवडच्या एका शेतकऱ्याने विहिरीजवळच्या आपल्या वावराच्या कडेला सहा खोल्यांची ओळ बांधून टाकली. विटा पुरल्या नाहीत की मन पुरलं नाही कोण जाणे, पण मधल्या भिंती पुरुषभर उंच गेल्या आणि तिथेच थांबल्या. वर कौलांपर्यंत सगळं मोकळं. तक्रार केली की मालक म्हणायचे, "वारं खेळाया नगं व्हय?" वारं खेळायचंच. त्याच्या जोडीला पहिल्या खोलीतल्या फोडणीने सहाव्या खोलीत ठसका लागायचा, माझ्या घरात माझी काढलेली खरडपट्टी दुसऱ्या दिवशी विहिरीशी मला जशीच्या तशी ऐकवली जायची, आणि त्या भिंतींच्या माथ्यावरून, हमरस्त्यावरून सरदाराची स्वारी जावी तशी, गंगी जायची.

गंगी ही आत्याबाईंची मांजर. पांढरी, एका कानावर चहा सांडल्यासारखा डाग, आणि चालण्यात असा तोरा की सहाही खोल्या तिच्या नावावर आहेत आणि आम्ही कूळ म्हणून राहतो असं वाटावं. ती आमची साय खायची, फिटरकडचे बोंबील खायची, कोपऱ्यातल्या मास्तरांच्या तपासायच्या वह्यांवर झोपायची. एकदा तिने माझ्या लग्नातल्या कोटावर तीन पिल्लं घातली. कोट तसाही मला होत नव्हता, असं माझी बायको म्हणाली. मला त्यात कोटापेक्षा माझ्या पोटाबद्दलची तक्रार जास्त ऐकू आली.

आता आत्याबाईंच्या सोवळ्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पहाटे विहिरीवर अंघोळ करून त्या सोवळ्याची लोकरी धाबळी नेसत, आणि तिथून दुपारच्या जेवणापर्यंत त्यांच्या आसपास तीन हातांचं एक अदृश्य कुंपण उभं राही. त्यात पाऊल टाकायची कोणाची छाती नव्हती. स्वतःचं पाणी त्या स्वतः शेंदत. धाबळी काठीने वाळत घालत आणि काठीनेच काढत. रात्रपाळी करून आलेला भाचा अंगणात चहाची वाट पाहत पाहुण्यासारखा उभा राही, आणि त्या कप उंबऱ्यावर ठेवून मागे सरत. कोणी चुकून शिवलंच तर पुन्हा अंघोळ. आमच्या धाकट्याने एकदा एका सकाळी तीनदा शिवून पाहिलं. तिसऱ्या अंघोळीनंतर आत्याबाईंनी त्याला काही म्हटलं नाही, मला बोलावून घेतलं. त्या वेळी त्या जे बोलल्या ते ऐकून मला वाटलं की पोराऐवजी मीच शिवून आलो असतो तर स्वस्तात सुटलो असतो.

सातव्या वर्षी लग्न, नवव्या वर्षी कपाळ पांढरं, आणि पुढची पन्नास वर्षं भावाच्या खटल्यात चुलीपाशी. त्या घरात त्यांना कोणी कधी काही विचारलं नसेल. पण सोवळ्यात असताना साक्षात थोरल्या भावालाही त्यांच्या वाटेतून बाजूला व्हावं लागायचं, हे त्यांनी मला एकदा अशा काही समाधानाने सांगितलं की सोवळं ही त्यांची एकुलती एक इस्टेट आहे हे माझ्यासारख्या जड डोक्याच्या माणसालाही कळलं.

आणि या इस्टेटीत गंगीला मात्र मुक्तद्वार. सकाळी आत्याबाई वाती वळायला बसल्या की ती खुशाल त्यांच्या मांडीवर. "मांजर, वारा आणि पळी, यांना विटाळ नाही. शास्त्रात आहे," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. एवढ्यावर थांबल्या असत्या तर ठीक होतं. पण त्यांनी या वाक्यातून अख्खा कायदा काढला होता. मी पहिल्यांदा सायीची तक्रार घेऊन गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "मग दूध काय केलंत?"

"टाकलं."

"का?"

"मांजराने तोंड घातलं होतं."

"म्हणजे शुद्ध दूध टाकलंत. नुकसान तुम्ही केलंत, आणि नाव तिचं. गाईची क्षमा मागा आधी."

मी घरी येऊन पूर्वेकडे तोंड करून खरोखर क्षण दोन क्षण उभा राहिलो होतो, असं बायको अजून चारचौघांत सांगते. त्यानंतर मी कारखान्यातल्या कारकुनाला शोभेल असा रीतसर लेखी अर्ज केला. "विषय: मार्जारापासून होणारा उपद्रव." आत्याबाईंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "मला कुठे वाचता येतं? तुम्हीच वाचा." समोर त्या, मांडीवर गंगी, दोघींचे डोळे माझ्यावर. पहिलं कलम वाचलं, दुसऱ्यातली विशेषणं गाळली, तिसरं अख्खं गाळलं, आणि शेवटी "कळावे, लोभ असावा" एवढंच जोरात वाचलं. "असू द्या हो लोभ," त्या म्हणाल्या, आणि उंबऱ्यावर लिंबाच्या लोणच्याची वाटी ठेवून मागे सरल्या.

त्यांना तोडीस तोड माणूस आमच्या ओळीत एकच होतं, ते म्हणजे फिटरवहिनी. फिटर कराडकडचा, अंगाने दांडगा, बोलायला गरीब. बोलण्याचं खातं वहिनींकडे. रविवारी त्यांच्याकडे मटण शिजायचं आणि उघड्या भिंतींवरून तो वास सहाही खोल्यांत फिरायचा. आमच्यासारखी न खाणारी माणसं त्या दिवशी विनाकारण दोन घास जास्त जेवायची.

त्या रविवारी वहिनींचा भाऊ यायचा होता. त्याच्यासाठी वेगळी काढून ठेवलेली मटणातली नळी गंगीने पळवली. वहिनी मसाल्याच्या हातांनी अंगणात आल्या तेव्हा आत्याबाई सोवळ्यात, ओट्यावर वाती वळत होत्या, आणि गंगी त्यांच्या मांडीवर मिशा साफ करत होती. भांडण होणार म्हणून आम्ही सगळे आपापल्या दारात काहीतरी काम काढून उभे राहिलो.

"आत्याबाई, तुमच्या मांजरीनं माझी नळी नेली."

"नेली असेल. मांजर आहे ते. भजन करील का?"

"आन आता कुठं बसलीय ती?"

"बसू दे. मांजर, वारा आणि पळी..."

"व्हय, पाठ हाय मला. भिंतीवरनं रोज ऐकती." वहिनींचा आवाज चढला नाही, उलट खाली आला, आणि तिथेच आम्हाला जाणवलं की हे नेहमीचं भांडण नाही. "मंजी माझ्या पातेल्यातलं मटण तिच्या तोंडातनं तुमच्या मांडीवर आलं तर चालतं. आन श्रावणात विहिरीवर तुमचा पाय सटकला, मी घागर धरली, तुमास्नी धरलं, तर ती घागर तुमी माझ्यादेखत ओतली. परत अंघोळ केली. मी तितंच उभी हुती."

आत्याबाईंचं वाती वळणं थांबलं.

"नळीचं मला काय न्हाई. नळ्या मिळत्यात. मला मांजराएवढं तरी धरा, आत्याबाई. न्हाईतर मांजर हितं ऱ्हाणार न्हाई. न्हाईतर आमी ऱ्हाणार न्हाई."

ती घागर ओतताना मीही पाहिली होती. मी त्या वेळी दात घासत होतो, आणि दात घासताना बोलता येत नाही, हे कारण मी स्वतःला पुढे बरीच वर्षं दिलं.

आत्याबाईंनी वाती बाजूला ठेवल्या. गंगीला उचललं, आत गेल्या, दार लावलं. एरवी त्या खोलीतून भांड्यांशी, देवांशी, भाच्याशी, स्टोव्हशी काही ना काही बोलणं चालू असायचं. त्या दुपारी भिंतीवरून काहीच ऐकू आलं नाही. मला ती शांतता आवडली नाही. मला आयुष्यात प्रथमच त्यांनी मला काहीतरी बोलावं असं वाटलं.

वहिनींनी बोललेलं खरं करायला मालकांना बोलावलं. दोन खोल्या घेतलेलं त्यांचं एकच बिऱ्हाड, तेव्हा मालकांना फार विचार करावा लागला नाही. "एकादशीला मी देहूला जातोच. पोत्यात घालतो आन इंद्रायणीपल्याड सोडतो," ते म्हणाले. "पाणी वलांडलं का मांजर माघारी येत न्हाई. पवना काय कामाची न्हाई, ती दगडादगडानं परत येईल." हा निरोप आत्याबाईंना सांगायला सगळ्यांनी मला धाडलं. माझ्याइतकं मवाळ बोलणारं ओळीत कोणी नाही, असं मास्तर म्हणाले. हा गौरव नव्हता.

मी अंगणातूनच सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी काही म्हणालो नाही."

"ते विचारायलाच नको होतं," असं म्हणून त्यांनी दार लोटलं.

एकादशीला सकाळी मालकांची बैलगाडी आली. गाडीत पोतं. मालक पोतं घेऊन मास्तरांच्या खोलीत शिरले आणि वह्यांवरची गंगी भिंतीवर चढली. मग तासभर आमच्या ओळीत जे चाललं त्याला शिकार म्हणावं की सर्कस, हे मला ठरवता आलेलं नाही. ती भिंतीवरून दुसऱ्या घरात, मालक दारातून दुसऱ्या घरात. ती सहाव्या खोलीत पोचली की मालक पाचव्या खोलीत स्टुलावर चढलेले. माझ्या घरात ते पिठाच्या डब्यावर उभे राहिले आणि डब्यासकट खाली आले. पांढरे होऊन उठले तेव्हा गंगी वरून त्यांच्याकडे नातेवाइकाकडे पाहावं तसं पाहत होती.

"बास झालं ते," विहिरीवरून आवाज आला. भोंगाच तो.

आत्याबाई धाबळीत उभ्या होत्या. समोर कट्ट्यावर शेंदून भरलेली घागर. पलीकडे वहिनी कपडे धूत होत्या.

"अगं फिटरीण, बघतेस काय? उचल."

"काय?"

"घागर. माझ्या कमरेत उसण भरलीय."

वहिनी हात पुसत उठल्या, पण पुढे झाल्या नाहीत. "मी शिवीन तिला."

"शिवशीलच. न शिवता घागर उचलायची विद्या आहे का तुझ्याकडे?"

"आन मग वताल."

"नाही ओतणार." एवढे दोन शब्द बोलायला त्यांना जितका वेळ लागला तितक्यात एरवी त्यांनी माझा दोनदा पराभव केला असता. "आत नेऊन ठेव. चुलीशेजारी. काठाला धरून नको, बुडाला हात लाव, नाहीतर सांडशील."

"शिकवू नका. चार घागरी नेते मी एका टायमाला," वहिनी म्हणाल्या, आणि घागर कमरेवर घेऊन, आमच्यापैकी कोणीही कधी न ओलांडलेला तो उंबरा ओलांडून आत गेल्या. आतून घागर ठेवल्याचा आवाज आला. मग बराच वेळ त्या बाहेर आल्या नाहीत. काही बोलणं झालं असेल तर ते भिंतीवरून ऐकू येण्याइतकं मोठ्याने झालं नाही, आणि आमच्या ओळीत कोणालाच न कळलेलं ते एकमेव बोलणं.

मालक रिकामं पोतं झटकत देहूला गेले. मी, सगळं पार पडल्यावर धीट होणारा माणूस, पुढे होऊन म्हणालो, "आत्याबाई, सोवळं सोडलंत म्हणायचं."

"सोडलं कोणी?" त्या फणकारल्या. "शास्त्राचा अर्थ नीट लावला. मांजर, वारा, पळी आणि ही. तुम्ही आहात तिथेच थांबा. तुमचं नाव नाही त्यात."

गंगीच्या चोऱ्या थांबल्या नाहीत आणि भांडणंही थांबली नाहीत. फक्त आता भांडणं आत्याबाईंच्या चुलीपाशी बसून होऊ लागली. "नळीला झाकण ठेवायला काय होतं गं तुला?" "आन तुमी मांजराला जेवाया घालाया काय हुतं?" वहिनी रोज सकाळी पाणी भरायच्या, आणि ती उसण काही केल्या बरी होत नव्हती. लिंबाची लोणची आता उंबऱ्यावरून नव्हे, हातातून हातात जाऊ लागली. आत्याबाईंच्या गावाकडच्या एक बाई आल्या होत्या, त्यांनी हे पाहून नाक मुरडलं. त्यांना आत्याबाईंनी त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीत बसवून दिलं.

दोन हिवाळ्यांनी गंगी गेली. लाकडांच्या ढिगामागे झोपल्यासारखी सापडली. भाच्याने बांधाला खड्डा काढला. वहिनी म्हणाल्या, "चोर गेली," आणि पदर डोळ्यांना लावला. आत्याबाई रडल्या नाहीत. त्या भाच्याला खड्डा अजून खोल घे म्हणून सांगत होत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पहिल्या पाळीला निघालो होतो. मांजर गेली, आता शास्त्र पुन्हा पहिल्यासारखं होणार, असं आदल्या संध्याकाळी मास्तर म्हणाले होते, आणि मीही मान डोलावली होती. विहिरीवर आत्याबाई होत्या. धाबळी ओली, घागर शेंदून कट्ट्यावर ठेवलेली, पण उचलून नेलेली नाही. थंडीने त्या कुडकुडत होत्या. सायकल हातात धरून मी थांबलो, तशा त्या माझ्याकडे न बघता फिटरच्या दाराकडे बघून म्हणाल्या, "अजून उठली नाही वाटतं ती. जाता जाता कडी वाजवा जरा. पाणी खोळंबलंय माझं."