शिळी रांगोळी

त्या गावात आम्ही तीन दिवस होतो आणि त्यातले दोन दिवस सासूबाईंनी मला ओळख दाखवली नाही. म्हणजे सकाळचा चहा बरोबर व्हायचा, दुपारी एकाच डब्यातली थालीपीठंही खायचो. पण मी रांगोळीच्या पिशव्या उघडून फूटपाथवर मांडी ठोकली, की त्या काळा चष्मा लावून वीस पावलांवरच्या बाकावर जाऊन बसत आणि समोरच्या चर्चकडे बघत. चर्च काही फार बघण्यासारखं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी मी न्युरेम्बर्गची इंजिनिअरची नोकरी सोडली आणि जर्मनीतल्या लहान लहान गावांतून रस्त्यावर रांगोळ्या काढत हिंडू लागले. नवऱ्याने चार दिवस तोंड पाडलं आणि मग माझ्यासाठी गुडघ्याखाली घ्यायची उशी आणली. सासूबाईंनी मात्र ही गोष्ट नाशिकपर्यंत पोचूच दिली नाही. त्यांच्या धाकट्या बहिणीच्या, आमच्या मावशींच्या लेखी अजून मी इंजिनिअरच होते. गावोगाव जात होते ती साइट व्हिजिटला. सासूबाईंची सगळी हयात तहसील कचेरीत गेलेली. ज्याला शिक्क्याचा कागद नाही ते काम नव्हे, एवढं साधं त्यांचं गणित. आणि मला, का कोण जाणे, नेमकं त्यांच्याच तोंडून एकदा ऐकायचं होतं की आमची सून रांगोळ्या काढते.

म्हणून त्या उन्हाळ्यात त्या गावाच्या नगरपालिकेकडून पत्र आलं तेव्हा मी हुरळून गेले. ते रस्त्यावरच्या चित्रांचा महोत्सव भरवणार होते. गुरुवार-शुक्रवार नमुना काढा, शनिवारी अकराला आमचे अधिकारी पाहतील, पसंत पडलं तर निमंत्रण. निमंत्रणावर सही, शिक्का, गावाचं बोधचिन्ह, सगळं. तो कागद मी मनातल्या मनात फ्रेमसुद्धा करून टाकला. नवरा कामासाठी ड्युसेलडॉर्फला निघाला होता आणि तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या सासूबाईंना एकटं ठेवणं शक्य नव्हतं, तेव्हा त्यांनाही बरोबर घेतलं. बरंच झालं, म्हटलं, कागद हातोहात देता येईल.

गाव दक्षिणेकडचं, तासाभरात दोनदा फिरून होईल एवढं. लोक तिथे लाकडी पट्ट्यांची जुनी घरं आणि घराघरांतली फुलं बघायला येतात. मी मान वर करतच नाही. मला दगड बघायचे असतात. कुठे सांधे भरलेत, उतार किती, गटाराचं झाकण कुठे, बेकरीची रांग कुठवर येते. बाजारचौकातले गोल गोटे बघायला छान, पण त्यांच्यावर रांगोळीची एक रेघ सरळ येईल तर शपथ. शेवटी मागच्या गल्लीत एका तीनमजली इमारतीसमोर गुळगुळीत, रुंद फरशी सापडली. अधिकाऱ्यांना फोन करून जागा कळवली. आमचं लॉजही बरोब्बर समोर.

दोन दिवस खपून मी तिथे गालिचा काढला. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद, काठाला मोर, आत कोयऱ्या, झालर अशी की माणसं वळसा घालून जात होती. इमारतीतल्या एक ऐंशीच्या आजी रोज सकाळी झाडू घेऊन बाहेर यायच्या, गालिच्याकडे बघायच्या, "आल्झो...", म्हणजे आपलं 'बरं तर...', म्हणून सुस्कारा सोडायच्या आणि आत जायच्या. केवढी रसिक बाई, असं मला वाटलं. त्यांच्या दाराला एक पाटी लटकलेली होती. त्या भागात इमारतीतल्या बिऱ्हाडांना आठवड्याची झाडण्याची पाळी असते. ज्यांची पाळी त्यांच्या दाराला ही पाटी, आणि शनिवारपर्यंत जिना आणि पुढचा फूटपाथ लख्ख झाला पाहिजे. त्याला केअरवोखे म्हणतात. हे मला ठाऊक होतं, पण कलावंताला असल्या गोष्टी आठवत नाहीत.

शुक्रवारी संध्याकाळी मी गालिच्यावर प्लास्टिक अंथरलं, चार कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि समाधानाने झोपले.

शनिवारी आठला उठले तर शेजारचा पलंग रिकामा. खिडकीतून खाली बघितलं. प्लास्टिकची व्यवस्थित घडी घातलेली. फरशी ओली, स्वच्छ. आजी बादली धरून उभ्या, आणि माझ्या सासूबाई, पदर खोचून, त्यांचा झाडू भिंतीला टेकवत होत्या. मधोमध चिमटीने काढलेलं, वीतभर रुंद, ठिपक्यांचं कमळ.

मी तशीच, नाइटड्रेसवर, धावत खाली गेले.

"अहो आई, काय केलंत हे!"

"काय केलं म्हणजे? कालची रांगोळी ती. शिळी. या बाईंच्या दारात तशीच ठेवायची? प्लास्टिक घालून? त्या बिचाऱ्या दोन दिवस झाडू घेऊन येतात नि तशाच परत जातात, मी बघत नव्हते का?"

"या, गेनाऊ," आजी म्हणाल्या, म्हणजे हो, अगदी बरोबर. त्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण एकमत पूर्ण होतं.

मला रडू फुटलं. रागही असा आला की ते कमळ पायाने पुसावं. पुसलं नाही, कारण लहानपणी आमच्या दारातली आदल्या दिवशीची रांगोळी रोज सकाळी मीच झाडत होते. तिच्यावर प्लास्टिक घालावं असं तेव्हा कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

अकराला अधिकारी आले. फाइल काखोटीला, माणूस भला. मी फोनवरचे गालिच्याचे फोटो दाखवले, झालेली गोष्ट सांगितली. त्यांनी मनापासून हळहळ व्यक्त केली. पण नियम असा, की काम प्रत्यक्ष पाहिलं पाहिजे, फोटो चालत नाहीत. मग कमळाकडे बघून ते म्हणाले, हे तीन दिवस टिकेल का? महोत्सव तीन दिवसांचा आहे. मी सासूबाईंना विचारलं.

"तीन दिवस? उद्या सकाळी झाडायची की. सांग त्यांना."

सांगितलं. त्यांनी फाइलमध्ये काहीतरी लिहिलं. चेहऱ्यावरूनच सासूबाईंना निकाल कळला. कचेरीत आयुष्य गेलेलं, असली लिहिणी त्यांनी स्वतः पुष्कळ केली होती.

"म्हणजे नाही म्हणतोय?" त्यांनी काळा चष्मा काढला. "अगं, मी आहे ना साक्षीला. दोन दिवस गुडघ्यांवर बसून काढलंस. पहिला मोर बिघडला तो पुसून परत काढलास. कडेची झालर संध्याकाळी सातला पुरी झाली. मी बाकावरून हललेसुद्धा नाही. विचार त्याला, कुठे सही करू?"

मी भाषांतर केलं. अधिकाऱ्यांनी फाइल चाळली. साक्षीदाराचा रकाना तिच्यात नव्हता. त्यांनी दोघींशी हस्तांदोलन केलं, "लायडर" म्हणाले, म्हणजे दुर्दैवाने, आणि निघून गेले. शिक्का फाइलमध्येच राहिला.

सासूबाई संतापाने लाल झाल्या होत्या. त्याच बाकावर बसून त्यांनी नाशिकला फोन लावला, आणि नाशिकला थेट ऐकू जाईल अशा आवाजात बोलू लागल्या.

"अगं, इथली माणसं काय सांगू तुला! सूनबाईने एवढा मोठा गालिचा काढला रांगोळीचा, आणि तो शिक्केवाला म्हणतो, दिसत नाही... हो, रस्त्यावर. रस्त्यावरच काढते ती... इंजिनिअर? छे गं, ते सोडून चार वर्षं झाली. तुला बोलले नव्हते का मी?"