लाल दोऱ्याची बरणी

"हात सुके आसत मा?"

कोणीही कोठीच्या उंबऱ्यावर पाय ठेवला की काकी आधी हेच विचारायची. कधी आलास, कसा आहेस, ते सगळं नंतर. येणाऱ्याने दोन्ही पंजे पुढे करायचे, काकी ते उलटेपालटे करून बघणार, मगच आत सोडणार. एकदा सरपंचांच्या हातातही तिने फडका दिला होता.

काकी आमची शेजारीण. तारकर्लीच्या वाटेवर, खाडी आणि समुद्राच्या मधल्या चिंचोळ्या वाडीत आमची दोन घरं, मध्ये एकच कुंपण. तुमच्याही शेजारी अशी एखादी असेल, जिच्या हातचं कधी काही बिघडतच नाही. असेल तर माझं दुःख तुम्हाला कळेल. मी तिच्यावर जळायचे, अगदी मनापासून जळायचे.

मे संपायच्या आत तिची पावसाळ्याची बेगमी तयार. आमसुलं, फणसाची साटं, सुके बांगडे आणि भिंतीला ओळीने लोणच्याच्या बरण्या. प्रत्येक बरणीच्या तोंडावर फडक्याचा दादरा, प्रत्येक दादऱ्याला वेगळ्या रंगाचा दोरा. शिवाय पाण्याची दोन पिंपं आणि चार हंडे. दर शुक्रवारी जुनं पाणी माडाच्या आळ्यात ओतायचं आणि ताजं भरायचं, हा तिचा नेम.

"काकी, घरात पंप आसा, टाकी आसा. ह्यो व्याप कित्याक?" मी एकदा विचारलं.

"वादळ काय सांगान येता?" एवढंच म्हणून ती हंडा घासत राहिली.

त्या वर्षी माझं लोणचं लागोपाठ तिसऱ्यांदा बुरसलं. नवरा ताटावरून म्हणाला, "जरा काकीकडसून शीक गो." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्याच दुपारी मी तिचा टोप परत करायला गेले. टोप नुकताच विसळलेला, माझ्या हातांतून पाणी निथळत होतं. काकी खळ्यात साटांवरचे कावळे हाकलत होती. कोठीचं दार उघडं आणि विचारणारं कोणी नाही. दारालगतच्या बरणीचा लाल दोरा मी सोडला, ओली बोटं लोणच्यात बुडवून ढवळली आणि दोरा पुन्हा बांधून टाकला. आता बघू तुझं कसं टिकतं ते, असं मनात म्हटलं. खोटं कशाला सांगू, त्या संध्याकाळी जेवण फार गोड लागलं.

आणि पाऊस सुरू व्हायच्या तोंडावर वादळ आलं. माड पडले, विजेचे खांब पडले, समुद्र विहिरीत शिरला. वीज नाही म्हणून पंप नाही, आणि टाकी दुसऱ्या दिवशीच कोरडी. माझी चार वर्षांची लेक पाणी मागून मागून रडायला लागली. मी विहिरीचं खारट पाणी उकळून बघत होते, तेव्हा काकी कंबरेवर हंडा घेऊन कुंपणातून आली.

"आधी चेडवाक पाणी दी. मगे पेज कर."

परत जाऊन तिने एक बरणी आणली. दोरा लाल होता. "सगळ्या घरांचो वाटो मी काढून ठेवतंय. लाल दोरो तुमचो."

तिने दादरा सोडला. वर पांढरीफेक बुरशी.

काकी ती बरणी उचलून घेऊन गेली आणि हिरव्या दोऱ्याची घेऊन आली. "ही माझी. घे. माका सुको बांगडो पुरे."

ते लोणचं आम्ही आठ दिवस पेजेबरोबर खाल्लं. घास घशाखाली उतरताना लाज वाटायची, आणि इतकं चविष्ट होतं म्हणून रागही यायचा.

त्यानंतर काकी सगळ्यांना विचारायची, मला मात्र नाही. मी पंजे पुढे केले तरी "जा गो आत" म्हणायची. तिला काही कळलेलं नाही, अशी मी स्वतःची समजूत घालत राहिले.

पुढे तिचे गुडघे गेले आणि तिची लेक तिला कणकवलीला घेऊन गेली. निघताना काकीने कोठीची किल्ली माझ्या हातात ठेवली. मला राहवेना.

"काकी, त्या लाल दोऱ्याच्या बरणीत मी…"

"ठावक आसा. ती गाठ माझी नव्हती. त्याच दिवशी बघितलंय."

"मगे टाकून कित्याक नाय दिलंस?"

"तुझोच वाटो तो. तुकाच उघडून दाखवूचो होतो."

या श्रावणात काकी कणकवलीलाच वारली. कोठी आता मीच भरते. शुक्रवारी पाणी बदलते, घराघरांचे दोरे बांधते. माझं लोणचं हल्ली टिकतं. वाडीतले लोक बोटं चाटत म्हणतात, "अगदी काकीच्या हातचा!" आणि मी अजूनही जळते.

कोठीत शिरण्याआधी दोन्ही हात पदराला दोनदा पुसते, उंबऱ्यावर थांबते आणि पंजे पुढे करते. विचारणारं कोणी नाही.