बंद टीव्हीसमोरचं जेवण

सुरुवातीलाच सांगतो, भुताखेतांच्या गोष्टींची सर्वात जास्त टिंगल करणारा माणूस आमच्या खानदानात मीच. गावी कुणी 'देवचाराने वाट अडवली' म्हणालं की 'किती पेग झाले होते?' हा माझा ठरलेला प्रश्न. या ग्रुपवरचे अनुभवसुद्धा मी जेवताना बायकोला वाचून दाखवायचो आणि हसायचो. आज स्वतः लिहायला बसलोय... तेव्हा तुम्ही हसलात तर तक्रार नाही.

मी राहतो परळला. आई घोडपदेवला, आमच्या जुन्या चाळीतल्या खोलीत, दुसऱ्या मजल्यावर. बाबा रे रोड स्टेशनजवळच्या लाकडाच्या वखारीत सुपरवायझर होते. ते गेल्यावर आईला आमच्याकडे आणायचा खूप प्रयत्न केला. ती दोन दिवस राहते, तिसऱ्या दिवशी पिशवी भरते. मग मीच रविवारी जातो आणि रोज दुपारी फोन करतो.

मी आयटी सपोर्टमध्ये आहे. त्यामुळे नातेवाईकांत कुणालाही टीव्ही घ्यायचा असला की आधी मला फोन येतो. माझा सल्ला ठरलेला — टीव्हीचं डोकं बघू नका, चेहरा बघा. स्मार्ट टीव्हीचा मेंदू दोन-तीन वर्षांत म्हातारा होतो, ॲप उघडताना धापा टाकतो. त्यापेक्षा वेगळा स्ट्रीमिंग बॉक्स लावा आणि टीव्ही घेताना फक्त पॅनल, म्हणजे स्क्रीन, चांगला बघून घ्या. बॉक्स जुना झाला तर बॉक्स बदला, टीव्ही तसाच राहू दे. माझ्या सांगण्यावरून निम्म्या खानदानाने असे बॉक्स लावलेत आणि त्याचा मला भयंकर अभिमान होता.

असा माझा लौकिक, आणि माझ्याच आईच्या घरात अजून बाबांच्या वेळचा, मागे ढेरी असलेला जुना टीव्ही! एका रविवारी मी तो लावायला गेलो तर लागेचना. विचारलं, कधीपासून बंद आहे? ती म्हणाली, "झाले की बरेच महिने."

"मग सांगितलं नाहीस?"

"बिघडलो तर बिघडलो. माका बघूक खंय वेळ आसा?"

आई घरात मालवणीच बोलते. मला तेव्हा फक्त वाईट वाटलं. एकटी बाई, आणि करमणुकीला साधा टीव्हीसुद्धा नाही. मी ठरवलं की आता हिला बॉक्स लावून द्यायचा, म्हणजे हवी ती मालिका हवी तेव्हा बघेल. जुना टीव्ही दुरुस्त केला तरी त्याला बॉक्सची वायर जोडायची सोयच नव्हती, म्हणजे टीव्हीही नवीन घेणं आलं. आई "नको, नको" म्हणत राहिली. म्हातारी माणसं नको म्हणतातच, असं समजून मी तिला दादरला दुकानात घेऊन गेलो.

दुकानात सगळे टीव्ही चालू होते. सगळ्यांवर तेच ते रंगीत पोपट आणि कापलेली फळं. मी सेल्समनला पॅनलबद्दल छळत होतो. आईने एकाही पोपटाकडे बघितलं नाही. ती एका टीव्हीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "हा जरा बंद करा बघू."

सेल्समनला वाटलं, मावशी गंमत करतात. त्याने बंद केला. आई काळ्या स्क्रीनकडे बघत राहिली, मग पुढच्या टीव्हीकडे गेली. "हा पण."

"मावशी, बंद टीव्ही सगळे सारखेच दिसतात," सेल्समन म्हणाला. मीपण हसलो.

खोलीत कॉट खिडकीला लागून आहे आणि टीव्ही बरोबर समोरच्या भिंतीवर. म्हणजे दिवसभर उजेड थेट स्क्रीनवर. अशा जागेसाठी मॅट पॅनलच घ्यायचा, प्रतिबिंब पडत नाही — हे कुठलाही जाणकार सांगेल. मी तोच पसंत केला. आईने तोही बंद करायला लावला. स्क्रीनवर सगळं धुरकट करडं... तिने बोटाने जरा चाचपून बघितलं.

"ह्यात काय दिसना नाय," ती हळूच म्हणाली.

"अगं, तेच तर चांगलं!" मी म्हटलं.

टीव्ही लागला. बॉक्स जोडला, तिच्या मालिका समोर आणून ठेवल्या, रिमोट शिकवला. जुना टीव्ही मी स्वतः उचलून भंगारवाल्याला दिला. आई दारात उभी राहून त्याला जिना उतरताना बघत होती. मला वाटलं, बाबांनी घेतलेली वस्तू, वाईट वाटणारच.

त्यानंतर काही आठवड्यांनी शेजारच्या सुलभावहिनींचा फोन आला. "बाळ्या, तुझी आई जेवत नाय हां नीट. मी भाकरी-भाजी नेऊन ठेवते, ती संध्याकाळी तशीच असते. येऊन बघ जरा."

मी गेलो तर आई निम्मी झाली होती. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. डॉक्टरकडे नेलं, सगळ्या तपासण्या केल्या. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, खायला घाला. आता खायला घाला म्हणजे काय! मी तिच्यासमोर ताट ठेवून बसलो आणि लहान मुलाला दटावतात तसा दटावायला लागलो. तेव्हा ती बोलली.

जुन्या टीव्हीच्या काळ्या काचेत तिला बाबा दिसत. कॉटवर, त्यांच्या नेहमीच्या जागी, एक पाय वर घेऊन बसलेले. टीव्ही बंद असला की दुपारचे दिसत. काचेत बाकी सगळी खोली दिसे, खिडकी दिसे, कॅलेंडर दिसे.

"आणि तू?" मी विचारलं. "तूही समोर बसलेली असायचीस ना?"

"मी कधीच दिसलंय नाय. ते एकटेच. म्हणान मी ताट घेवन समोर बसंय. माणसान एकट्यान जेवचा, बरा दिसता काय?"

म्हणजे इतके महिने आई बंद टीव्हीसमोर बसून बाबांसोबत जेवत होती. आणि मी तिची करमणूक करायला गेलो होतो.

घरी येऊन बायकोला, राजश्रीला, सांगितलं. एकटेपणामुळे मनाचे खेळ होतात वगैरे शास्त्रही सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "असतील मनाचे खेळ. त्या जेवतायत ना त्याने? मग चकचकीत काचेचा टीव्ही लाव त्यांना. मॅटवाला आपण वापरू. नाहीतरी तुझे सल्ले आपल्या घरात कोण ऐकतं?"

मी पुन्हा दादरला गेलो. तोच सेल्समन. या वेळी मीच एकेक टीव्ही बंद करायला लावला आणि ज्यात माझा चेहरा सर्वात स्वच्छ दिसला तो निवडला. त्याने बिल बनवताना दोनदा वर बघितलं.

नवीन टीव्ही भिंतीवर लागला. मी बॉक्स जोडला, सगळं चालतंय बघितलं आणि बंद केला. आई कॉटसमोर पाटावर बसली होती. थोडा वेळ तिने काचेत बघितलं. मग एकदम चेहरा मोकळा झाला.

"इले," ती म्हणाली.

मी वाकून बघितलं. मला खिडकी दिसली, कॅलेंडर दिसलं, पाटावर आई आणि वाकलेला मी. कॉट रिकामी. म्हटलं ना, मनाचे खेळ! पण त्या दिवशी आईने दोनदा भात मागून घेतला. मला तेवढंच हवं होतं. पुढे महिन्याभरात तिने अंग धरलं. वहिनी म्हणाल्या, आता जिन्यावरून आमच्याआधी उतरते.

इथपर्यंत असतं तर मी हे लिहिलंच नसतं.

एका रविवारी दुपारी मी कॉटवर बसलो होतो. टीव्ही बंद. आई आत स्वयंपाकघरात सोलकढी करत होती. तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता, मधूनच मला ओरडून विचारत होती की तिखट चालेल ना. मी मोबाईल बाजूला ठेवून सहज समोर बघितलं.

काचेत बाबा होते. जिथे मी बसलो होतो, बरोबर तिथे. बनियन, खांद्यावर पंचा, एक पाय वर. मी हात हलवला. काचेत काहीच हललं नाही. मी त्यात नव्हतोच. आणि त्यांच्या शेजारी आई बसली होती. मांडीवर ताट घेऊन ती काहीतरी सांगत होती आणि बाबा मान हलवत ऐकत होते.

त्याच क्षणी आतून आवाज आला, "बाळ्या, मीठ बघ रे जरा!"

मला उठता येईना. आई वाटी घेऊन बाहेर आली, माझं तोंड बघितलं, मग वळून टीव्हीकडे बघितलं. तिला सगळं कळलं.

"भियालंस?"

"आई... तू त्यात आहेस."

"होय. झाले आठ-पंधरा दिस. आता तरी शेजारी बसलंय मा." आणि लाजली हो! सत्तरी ओलांडलेली माझी आई नवीन लग्न झालेल्या मुलीसारखी लाजली.

खरं सांगतो, त्या लाजण्याची मला बाबांपेक्षा जास्त भीती वाटली. बाबा गेलेले. काचेत फक्त तेच दिसायचे. समोर बसलेली जिवंत माणसं, आई किंवा मी, त्या वेळी त्यात नसायची. मग आता आई का दिसावी? याचं जे उत्तर मनात आलं ते मी राजश्रीलासुद्धा सांगितलं नाही. टीव्ही काढावा तर आई खाणार नाही. ठेवावा तर...

तेव्हा मला बॉक्स आठवला. वापर नसला की बॉक्स स्क्रीनवर फोटो फिरवत ठेवतो — डोंगर, तळी, बर्फ. सेटिंगमध्ये जाऊन 'स्क्रीन कधीच बंद करू नका' असं केलं. आईला दम दिला की मेन स्विच अजिबात बंद करायचा नाही, टीव्ही बिघडेल. रिमोट खिशात घालून परळला घेऊन आलो. आता स्क्रीन काळी होणारच नव्हती. माझ्या हुशारीवर मी खूश होतो.

पुढच्या रविवारी गेलो. टीव्हीवर कुठलातरी बर्फाचा डोंगर. समोर पाटावर आई आणि तिच्यापुढे झाकून ठेवलेलं ताट. डाळीवर साय धरली होती. आई त्या डोंगराकडे बघत होती. मला बघून ती रागावली नाही. हॉस्पिटलमधला पेशंट नर्सला विनवतो तशी म्हणाली, "ह्यो जरा बंद कर मगे."

माझा तोल गेला. मी ओरडलो, "तुला जायची एवढी घाई झालीय का? आमचं काहीच नाही का तुला?" बाहेर सुलभावहिनी धुतलेले कपडे वाळत घालत होत्या, त्यांचा हात थांबला.

आईने पदराने ताटाची कड पुसली. मग म्हणाली, "घाय कसली रे? माका जेवचा आसा."

मी बॉक्सची वायर काढली, बॉक्स पिशवीत टाकला. मेन स्विच बंद केला. केबल तर आम्ही केव्हाच सोडली होती. डोंगर गेला, काळी काच राहिली. आईने ताटावरचं झाकण काढलं, डाळ गरम करायला नेली. मी तोंड खिडकीकडे करून बसलो. काचेत काय होतं ते मी बघितलं नाही. पाठीमागे आईचा जेवतानाचा आवाज ऐकत राहिलो आणि मला रडू आलं.

आज याला बरेच दिवस झाले. आई ठणठणीत आहे, हे आधी सांगतो. बॉक्स आमच्या परळच्या घरी कपाटात पडलाय. यातल्या कशाचंही स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. प्रकाश, कोन, मनावरचा ताण — सगळे हिशेब लावून झाले. आईला जे काचेत दिसतं ते तिला घेऊन जाणार आहे की तिला जगवतंय, हे मला ठरवता येत नाही. टीव्हीबद्दल कुणी सल्ला विचारला की मी आता 'तुम्हाला आवडेल तो घ्या' म्हणतो आणि फोन ठेवतो.

काल दुपारी नेहमीसारखा फोन केला. रिंग खूप वेळ वाजली. मी फोन कापून सुलभावहिनींना लावणार, तेवढ्यात तिने उचलला. तोंडात घास होता. "जेवतंय रे, मगे करतंय फोन," म्हणाली. मी हुश्श केलं.

आणि ती फोन ठेवणार, एवढ्यात तिच्या मागून कुणीतरी विचारलं, "कोणाचो फोन?"

"बाळ्याचो," आई म्हणाली.