मृत्युपत्रातली नावं

नाशिकच्या कोर्टाबाहेर मी टायपिंग करतो. पिंपळगावचे एक काका दर दिवाळी झाली की मृत्युपत्र बदलायला येतात. मला वैतागच येतो. टोपी काढून मांडीवर ठेवतात आणि तणतणतात, "धाकला दिवाळीला घरी आला नाय. काढा त्याला." सहीआधी मी मजकूर मोठ्याने वाचतो, तेव्हा मात्र डोळे मिटून ऐकतात.

यंदा कुणीच आलं नव्हतं.

"मग द्राक्षबाग कोणाला, काका?"

ते टोपी चाचपत राहिले. "समद्यांची नावं घाला. मागं काढलेली बी."

मुलं, सुना, नातवंडं, सगळी घातली आणि वाचून दाखवली. सहीसाठी पेन पुढे केलं, तर त्यांचे डोळे मिटलेलेच.

"परत एकदा वाचा," ते म्हणाले. "घर भरल्यावानी वाटतं."