नानांनी खोडलेलं सातवं कलम

"हे सात नंबरचं काढ," असं म्हणत नानांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि त्या ओळीवर स्वतःच आडवी रेघ मारली.

नाना म्हणजे आमच्या पनवेलच्या फुटबॉल क्लबचे अध्यक्ष. मी तिथला कोच. समोर दोन पानांचा लोनचा करार होता. फुटबॉलमध्ये एखादा तरुण खेळाडू एका हंगामापुरता दुसऱ्या क्लबला देतात. नाव आपल्या रजिस्टरवर राहतं, खेळतो मात्र त्यांच्याकडून. हंगाम संपला की घरी परत. याला लोन म्हणतात. या करारात बहुतेक वेळा एक ओळ असतेच, की हा खेळाडू आपल्या मूळ क्लबविरुद्ध मैदानात उतरणार नाही. नानांनी नेमकी तीच खोडली होती.

मी पेन परत घेतलं आणि पुढचं कलम वाचायला लागलो. बोलायला हवं होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

लोनवर जाणारा होता निनाद. गव्हाणचा, एकोणीस वर्षांचा, मिडफिल्डर. मैदानाच्या मधोमध उभं राहून मागच्यांकडून बॉल घ्यायचा, पुढच्यांना द्यायचा आणि समोरच्याच्या पायातला काढून घ्यायचा, हे मिडफिल्डरचं काम. पोरगा गुणी होता. पण त्या जागेवर माझ्याकडे दोन सीनियर होते आणि त्यांना साधी सर्दीसुद्धा होत नव्हती. आदल्या हंगामात निनाद दोनदा मैदानात उतरला, दोन्ही वेळा शेवटच्या पाच मिनिटांत. एकदा तर त्याने थ्रो-इनसाठी बॉल उचलला आणि रेफ्रीने मॅच संपल्याची शिट्टी वाजवली. प्रॅक्टिसला रोज यायचा, पण प्रॅक्टिसमध्ये समोर प्लॅस्टिकचे कोन असतात. कोन लाथ मारत नाहीत. मिडफिल्डर मॅचमध्येच तयार होतो.

एके दिवशी त्याची आई मैदानावर आली. हिराबाई पनवेलच्या मार्केटात मासळी विकायच्या. आल्या आल्या म्हणाल्या, "सर, पोरगा वरीसभर बाकावर बसलाय. बसायचाच असंल तर माज्या बाजूला बसंल. चार पापलेटं तरी इकंल."

मी समजूत घालायला लागलो. त्यांनी हात वर केला.

"त्याचा मामा बंदरावर कंटेनर यार्डात हाय. लावून देतो म्हनतो. यंदा खेलला तर खेलला. नायतर पुढच्या वर्साला बूट माल्यावर टाकून कामाला जाईल."

म्हणजे माझ्याकडे एक हंगाम होता. मी नानांकडे गेलो आणि निनादला लोनवर देऊ म्हणालो. नाना असे दचकले, की जणू मी क्लबचा गोलपोस्ट कुणाला देऊ म्हणालो.

त्याला कारण आहे. आमच्याकडच्या गावांत क्रिकेटच्या टुर्नामेंट जोरात चालतात. तिथे पोरगा आपल्या गावाकडून खेळतो. शेजारच्या गावाकडून खेळला तर ते वीस वर्षांनी त्याच्या पोराच्या लग्नातही उकरून काढलं जातं. नाना तरुणपणी गावच्या टीमचे कॅप्टन होते. आपला पोरगा दुसऱ्याला द्यायचा, ही गोष्टच त्यांच्या डोक्यात बसेना.

दोन आठवडे मी त्यांचं डोकं खाल्लं. शेवटी ते म्हणाले, "दे. पन सगल्यात खालच्या टीमला दे. तिथं त्याच्यावर कोनाची नजर जानार नाय."

सगळ्यात खाली कामोठ्याची टीम होती. मी तोंड पाडलं आणि "तुम्ही म्हणाल तसं" म्हणालो. मनात मात्र उड्या मारत होतो. दुबळ्या टीममध्ये मिडफिल्डरला बसायला सवडच नसते. बॉल पुढे जातच नाही, सारखा त्याच्याच उरावर असतो. मला हेच हवं होतं.

मग करार लिहायला बसलो आणि नानांनी ती रेघ मारली.

"खेलू दे की आपल्याविरुद्ध," ते म्हणाले. "पोरगा आपला हाय. आपल्यासमोर पाय ढिला सोडंल. त्यांचा एक मानूस कमी झाला."

शिवाय त्यांनी एक कलम वाढवायला सांगितलं. कामोठेवाले महिन्याभरात कंटाळून निनादला परत पाठवतील, अशी त्यांना भीती होती. म्हणून हंगाम संपेपर्यंत खेळाडू परत पाठवता येणार नाही. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'हंगाम संपेपर्यंत खेळाडू परत पाठवता किंवा बोलावता येणार नाही. हे दोन्ही क्लबांवर बंधनकारक.' बोलावता हा शब्द आणि पुढचं वाक्य माझ्याकडचं. नानांनी न वाचता सही केली.

कामोठ्याचे कोच सलीमभाई. सकाळची प्रॅक्टिस झाली की निनादला घरी न्यायचे आणि दुपारचं जेवू घालूनच सोडायचे. पहिल्या तीन मॅचमध्ये टीमचा पार धुव्वा उडाला. निनादचा फोन आला, "सर, श्वास घ्यायला वेळ मिळत नाही."

"छान," म्हणालो आणि फोन ठेवला.

सातव्या मॅचला राहवेना. टोपी डोळ्यांवर ओढून मी गुपचूप कामोठ्याला जाऊन मागे उभा राहिलो. दहा मिनिटांनी सलीमभाई शेजारी येऊन म्हणाले, "सर, टोपी काढा. तुमच्या क्लबचा लोगो आहे त्याच्यावर."

पण जे बघायचं ते बघून झालं होतं. बॉल पायाशी यायच्या आधी निनाद मान वळवून मागे बघत होता. कोण कुठे उभा आहे ते आधीच हेरत होता. हे मी त्याला वर्षभर ओरडून सांगितलं होतं. कामोठ्यात चार दणके बसल्यावर आपोआप आलं.

हंगाम संपत आला आणि शेवटून दुसरी मॅच त्यांची आमच्याशी आली, आमच्याच मैदानावर. जिंकलो असतो तर आमचा पहिला नंबर पक्का. हिराबाई टेम्पो भरून गव्हाणची माणसं घेऊन आल्या होत्या. गेटपाशी नानांनी निनादच्या खांद्यावर हात टाकला.

"बाला, जास्त धावू नको हां. आपलाच क्लब हाय."

निनाद बुटाची नाडी बांधायला वाकला. हिराबाई शेजारीच होत्या.

"नाना, ह्यो दुपारचा जेवतो कुठं?"

"सलीमच्या घरी."

"मंग आज सलीमभाईचा."

नाना हसले. त्यांना ती गंमत वाटली.

पुढच्या तासाभरात निनादने माझ्या दोन्ही सीनियरांच्या पायातले बॉल असे काढून घेतले, की ते बिचारे आपल्या बुटांकडे बघत राहिले. सत्तराव्या मिनिटाला त्याने असाच एक बॉल काढला, दोघांच्या मधून पुढे सरकवला आणि त्यांच्या स्ट्रायकरने गोल मारला. मी उठून टाळ्या वाजवल्या. आमच्या बेंचवर, सगळ्यांच्या देखत! पोटात आनंद मावत नव्हता आणि आपण मॅच हरतोय याची लाजही वाटत होती. पण हात काही थांबले नाहीत.

एक-शून्यने हरलो. मॅचनंतर नाना ऑफिसात आले.

"उद्याच्या उद्या त्याला परत बोलव."

मी कपाटातून करार काढला. "बोलावता येत नाही, नाना. हंगाम संपेपर्यंत."

"हे कोनी लिहिलं?"

"परत पाठवायचं नाही, हे तुम्ही सांगितलंत."

"आनि बोलवायचं नाय, हे?"

"अक्षर माझं आहे."

"आनि तो आपल्याविरुद्ध खेललाच कसा?"

"रेघ तुमची आहे."

नानांनी त्या रेघेवरून अंगठा फिरवला, पुसली जाते का बघायला. आम्ही दुसरे आलो. निनाद परत आला, यंदा पहिल्या अकरात आहे. मामाने यार्डातली जागा दुसऱ्या भाच्याला दिली. आणि ज्याच्या जागी निनाद खेळतो त्या सीनियरला अखेर सर्दी झाली आहे.

गोष्ट इथेच संपली असती. पण नवीन हंगामाच्या मीटिंगमध्ये नानांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "लोनवर गेला की मानूस सुधारतो, असं तूच म्हनतोस ना?"

"हो."

"खालच्या टीमला जास्त शिकायला मिलतं?"

"मिळतं की."

"मंग यंदा तू जा."

सलीमभाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यांना मैदानात धावता येत नव्हतं. करार नानांनी स्वतः लिहून आणला होता. हंगाम संपेपर्यंत परत बोलावणं नाही. मी तो दोनदा वाचला. सातवं कलम मात्र या वेळी मी खोडलं.

तरुण मिडफिल्डरला लोनवर द्यावं का, असं मला अजून लोक विचारतात. जरूर द्यावं. फक्त अध्यक्षांना ते फार चांगलं पटवून देऊ नये.

येत्या रविवारी आमची, म्हणजे कामोठ्याची, मॅच पनवेलशी आहे. काल मार्केटात बोंबील घेताना हिराबाईंनी विचारलं, "सर, रविवारी तुमी कोनाचे?"

"दुपारचं जेवण सलीमभाईंकडे असतं," मी म्हणालो.

"मंग झालं," म्हणत त्यांनी पिशवीत दोन बोंबील जास्तीचे टाकले.

निनादला कसं अडवायचं, याचा तीन दिवस विचार करतोय. अजून काही सुचलेलं नाही, आणि याचा मला इतका आनंद होतोय की सलीमभाईंना सांगायची सोय नाही.