खोकल्याआधी येणारा हात

या सदरातले अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचत आले. घरात कुणी म्हणालं की माळ्यावर आवाज येतोय, तर मी उंदराचा पिंजरा लावणारी बाई. सगळी नोकरी दिल्लीत, एका मंत्रालयात बिलं तपासण्यात गेली. ज्याला पुरावा नाही ते मंजूर करायचं नाही, ही सवय हाडात भिनलेली. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघड वाटतंय.

आम्ही दिल्लीतल्याच द्वारकेला राहतो. काही वर्षांपूर्वी माझं लिव्हर बदललं. शरीर स्वतःच्याच लिव्हरवर उलटतं, असा आजार होता. सोसायटीतल्या बायकांनी मात्र मी चोरून पिते असं ठरवून टाकलं. मीही त्यांचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडले नाही.

लिव्हरचा तुकडा दिला धाकट्या भावाने, नितीनने. त्याच्या दोन मुली तेव्हा प्राथमिक शाळेत होत्या, तरी तो टेबलावर आडवा झाला. तो नागपूरला असतो. दर रविवारी फोन...

"ताई, आमचा माणूस नीट वागतोय ना तिकडे?"

"वागतोय. तुझ्यापेक्षा कामसू आहे."

असं आम्ही हसण्यावारी नेत असू. पण मला पक्कं माहीत होतं, की माझ्या पोटात जे आहे ते माझं नाही. ते माझ्या हलगर्जीपणाने वाया गेलं, तर नितीनला तोंड दाखवायला मला जागा उरणार नव्हती.

ऑपरेशनचा छेद मोठा असतो. बरगड्यांखालून आडवा, मग वर वळलेला, हॉकी स्टिकसारखा. वरची कातडी छान जुळली. आतले स्नायू मात्र एके ठिकाणी उसवले. नवीन लिव्हर शरीराने नाकारू नये म्हणून जी औषधं आणि स्टेरॉइड देतात, त्यांनीच जखम भरायलाही वेळ लागतो. वर्षभरात तिथे फुगवटा आला. आधी लिंबाएवढा, मग मोसंबीएवढा. उभं राहिलं की बाहेर, आडवं झालं की आत. याला इन्सिजनल हर्निया म्हणतात.

सर्जन म्हणाले, औषधांचा डोस थोडा उतरू दे, मग जाळी बसवून शिवू. तोवर पोटाला बेल्ट, वजन उचलायचं नाही, खोकताना पोटावर उशी नाहीतर हात घट्ट दाबून धरायचा. आणि निघताना म्हणाले, "मॅडम, जिस दिन लेटने पर भी अंदर न जाए, सीधे यहाँ आना. पानी भी नहीं पीना." आतडं त्या भोकात अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. माझ्यासारखीला त्यातून जंतुसंसर्ग झाला, तर लिव्हरही जाणार आणि मीही.

आता दिल्लीचा हिवाळा... बाहेर धूर, घरात एअर प्युरिफायर आणि सोसायटीभर खोकला. मलाही लागला.

भाजी निवडत बसले होते. खोकल्याची उबळ यायच्या अगदी आधी, टाक्यावर कुणीतरी हात ठेवला. पूर्ण तळवा, पाचही बोटं पसरलेली. घट्ट दाबला. मी खोकले, उबळ गेली, हात गेला. शेजारी कुणी नव्हतं. माझे दोन्ही हात मेथीत होते.

भास म्हणून सोडून दिलं. मग पुन्हा तेच. आंघोळीनंतर, कपड्यांच्या घड्या घालताना. दरवेळी खोकल्याच्या आधी. खोकला येतोय हे मला कळायच्याही आधी! मी मुद्दाम खोटं खोकून पाहिलं. हात आला नाही. पुन्हा पाहिलं, नाहीच. खरी उबळ आली, तेव्हा मात्र बरोबर हजर.

नवऱ्याला, विजयला, सांगितलं. तो म्हणाला, "कुणाचा का असेना, वेळेवर येतोय ना? आपल्या कामवालीपेक्षा बरा."

सर्जनना विचारलं. त्यांनी कापसाचा बोळा घेतला आणि मला मान फिरवायला सांगितली. टाक्याखालच्या भागाला ते बोळा लावत राहिले, मग सुईचं टोकही लावलं. मला काहीच कळलं नाही. ते म्हणाले, छेद घेताना कातडीच्या नसा कापल्या जातात, तो भाग बधिर आहे. नसा परत जुळताना असे विचित्र भास होतात.

मला ते पटलं. फक्त घरी येताना एक विचार मनात आला. जिथे मला सुई कळत नाही, तिथे पाच बोटं वेगवेगळी कशी कळतात?

संक्रांतीनंतर पहाडगंजच्या आमच्या मराठी शाळेत माजी विद्यार्थिनींचं हळदीकुंकू होतं. मी आणि मृणाल तिथे एका वर्गात होतो, आता एकाच सोसायटीत आहोत. दुपारी आम्ही मेट्रोने निघालो. वाणाची पिशवी तिच्याकडे. बसायला जागा मिळाली, आणि गाडी सुटता सुटता हात आला.

मी खोकल्याची वाट पाहिली. खोकला आलाच नाही.

हातही गेला नाही.

स्टेशनांमागून स्टेशनं गेली. तो तसाच, दाबलेला. मी शाल सारखी केली, वाणाची यादी वाचायचा प्रयत्न केला, मृणालच्या सुनेच्या तक्रारी ऐकल्या. दुखत काही नव्हतं. पोट जरा जड वाटत होतं, पण सकाळी गुळाची पोळी खाल्ली होती, त्यामुळे त्याचं नवल वाटलं नाही.

"अशी काय ताठ बसलीस?" मृणाल म्हणाली. "फोटो काढायचाय का?"

"काही नाही गं."

शाळेत पोचलो. हॉलमध्ये पन्नाशीच्या बायका शाळेतल्यासारख्या ओरडत होत्या. कुणीतरी मसाला दुधाचा पेला हातात दिला. मी तो ओठांपाशी नेला, आणि त्या हाताने असा दाब दिला की माझा श्वासच थांबला. पेला खाली ठेवला. बेल्टच्या आत स्वतःचा हात घातला. फुगवटा नेहमी मऊ असायचा, कणकेच्या गोळ्यासारखा. आत्ता तो टेनिसच्या चेंडूसारखा लागला.

मी मृणालला दंडाला धरून शेजारच्या रिकाम्या वर्गात नेलं. दार लावलं, बेल्ट सोडला आणि बाकावर आडवी झाले.

"अगं काय चाललंय काय तुझं?"

"आडवं झाल्यावर हा गोळा आत जायला हवा. मला कळत नाही, तिथे बधिर आहे. तू हात ठेव आणि सांग, आत जातोय का. जोरात दाबू नकोस."

मृणाल वाकली. बाहेर कुणीतरी उखाणा घेत होतं, हशा चालला होता. तिने हात पुढे नेला आणि चिडून म्हणाली, "अगं यार, तुझा हात काढ ना आधी!"

माझे दोन्ही हात डोक्याखाली होते. बाक अरुंद आणि कडक, म्हणून मी तेच उशाला घेतले होते.

मृणालने माझ्या कोपरांकडे पाहिलं. मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं. तिचा हात माझ्या पोटापासून चार बोटं वर, हवेतच टेकला होता. तिने तो ओढून घेतला, पदराला पुसला, आणि अगदी कोरड्या आवाजात म्हणाली, "चलो. ऊठ. हॉस्पिटल."

मी मात्र त्या गोळ्यावरच नजर ठेवून होते. तो आत गेला नव्हता. मला तेवढं पुरेसं होतं.

टॅक्सीत मृणालने विजयला फोन केला. पोटावरचा हात रस्ताभर तसाच होता. पर्समध्ये पाण्याची बाटली होती, तहान लागली होती, पण मी बाटलीला हात लावला नाही. स्ट्रेचरवर हात होता, तोंडावर मास्क आला तेव्हाही होता. तेव्हा मला भीती वाटली नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. मला हाताची भीती वाटत नव्हती. तो निघून जाईल याची वाटत होती.

आतड्याचा वेढा निळा पडायला लागला होता. मोकळा केल्यावर त्याचा रंग परत आला, कापावं लागलं नाही. लिव्हर सुखरूप. दुसऱ्या दिवशी सर्जनने विचारलं, "दर्द नहीं था, तो आप आईं कैसे? स्टेरॉइड में दर्द दब जाता है. ऐसे पेशंट अक्सर देर से आते हैं."

"कडक लगा," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली.

नितीन विमानाने आला. त्या दिवशी आमच्या माणसाबद्दल त्याने काही विचारलं नाही.

त्यानंतर हात पुन्हा आला नाही. खोकला येतो, मी उशी धरते, संपलं.

मृणालने कित्येक महिने विषय काढू दिला नाही. शेवटी एकदा बागेत चालताना मीच तिला अडवलं. "तुला नक्की काय लागलं ते एकदा सांग. मी पुन्हा विचारणार नाही."

ती बाकावर बसली. "हाताची मागची बाजू. ऊबदार. हाडं लागली बोटांची... आणि मनगटाच्या वर चिकटपट्टी होती. सलाइनची सुई टोचल्यावर लावतात ना, तशी."

मी त्या रविवारी नितीनला विचारलं, त्याच्या कोणत्या हाताला सलाइन होतं. म्हणाला, दोन्ही हातांना, आलटून पालटून. "पण ताई, त्या मजल्यावर कुणाच्या हाताला नव्हतं?"

खरंच आहे. त्याला होतं. पलीकडच्या खाटांवरच्या बायकांना होतं, त्यांतल्या सगळ्या काही घरी गेल्या नाहीत. मलाही होतं.

यापुढे माझी तपासणी सरकत नाही. नसांचा भास म्हणावं, तर मृणालच्या नसा कुणी कापल्या नव्हत्या. कुणाला काही सुचत असेल तर जरूर कळवा. मला आजतागायत सुचलेलं नाही.