मस मोजायचे नसतात

मस मोजायचे नसतात, मोजले की वाढतात. हे मला आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, लग्नानंतर पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. तेव्हा माझ्याच मनगटावर एक मस उठला होता. म्हणून आमच्या तांबडी गाईच्या मानेवर मस दिसले तेव्हा मी ते मोजले नाहीत. तिला धुताना नुसता तळहात ठेवून बघितला. सगळे मस एका तळहाताखाली झाकले.

तांबडी माझ्या माहेरची. माहेर आटपाडीच्या बाजूचं, कोरड्या रानातलं, मेंढरं राखणाऱ्यांचं. सासर रहिमतपूरजवळ, उसाचं. माझ्या मुलीच्या बारशाला भाऊ तिला टेम्पोतून घेऊन आला, तेव्हा ती एवढीशी कालवड होती. आता पहिल्यांदाच गाभण होती. या घरात माझ्या बोलावण्यावर मान वळवणारं तेवढं एकच होतं.

त्याच साली गावोगाव लम्पी पसरला होता. गुरांचे बाजार बंद होते. कुणाच्या जनावराच्या अंगावर गाठ दिसली की लोक त्या गोठ्यासमोरून जायचं टाळत. एका सकाळी भावकीतले आप्पा, माझे चुलत सासरे, तंबाखू मळत आमच्या अंगणात आले आणि तांबडीकडं बघून जागच्या जागी थांबले.

"वैनी, ह्ये काय? लम्पी हाय ह्यो!"

आत्या म्हणाल्या, "लम्पी न्हाई भावजी, मस हायत. उद्या घोड्याचा केस बांधते, झडत्यात."

"घोडा आणा न्हाईतर हत्ती आणा. माझ्या चार म्हशी भिताडाला भिताड लावून हायत. हिला रानात न्हेऊन बांधा."

माझे मालक कधी कुणाच्या तोंडाला तोंड देत नाहीत. ते म्हणाले, "डॉक्टरला दाखवू का आप्पा?"

"दाखव की! डॉक्टरची गाडी दारात हुबी राहिली की गावभर शिक्का बसंल तुझ्या गोठ्यावर."

दुसऱ्या दिवशी मालकांनी तिला रानातल्या खोपटात नेऊन बांधलं. आत्यांनी मात्र हट्ट सोडला नाही. वरातीच्या घोडेवाल्याकडून शेपटीचे केस आणले आणि सगळ्यात मोठ्या मसाच्या देठाला करकचून बांधले. तो काळा पडून गळाला. बाकीचे होते तसेच राहिले आणि ओठाजवळ नवे उठले, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखे.

दसऱ्यानंतरची गोष्ट. दुपारी मी वैरण घेऊन रानात गेले तर तांबडी मान पुढं ताणून उभी होती. तोंडातून लाळेची तार. डावी भकाळी, म्हणजे बरगड्या संपल्यावर जो खळगा असतो तो, खळगा राहिलाच नव्हता. तिथं टेंगूळ वर आलं होतं. मी बोटानं वाजवून बघितलं. ढोलकीसारखा आवाज आला.

मी बांधावर पळत जाऊन मालकांना हाक मारली. ते आले, त्यांच्या मागून आत्या, आणि कालवा ऐकून आप्पाही. फुगलेल्या जनावराला आमच्याकडं जे करतात ते सगळं केलं. लिंबाची काठी तोंडात आडवी बांधली म्हणजे जनावर चघळतं आणि ढेकर येतो. ढेकर आला नाही. मालकांनी गोडेतेल पाजलं. तांबडीनं गिळलं, तिच्या मानेखालून घोट खाली सरकताना मला दिसला, आणि निम्म्यावर तो थांबला. मग तेल नाकातून परत आलं.

आप्पा लांबूनच म्हणाले, "लम्पी आत शिरला. संपलं आता."

आत्या त्यांच्या अंगावर गेल्या. "तुमच्या तोंडाला काठी बांधा आधी! आन् तू रं, काय बघत बसलाईस? लाव फोन डॉक्टरला. शिक्का बसला तर माझ्या कपाळावर बसू दे."

डॉक्टर मोटारसायकलवर आले. गावोगाव लसी टोचताना लोकांवर ओरडून ओरडून त्यांचा आवाज बसला होता. त्यांनी मानेवरचे मस बोटांनी चाचपले आणि म्हणाले, "हा लम्पी नाही. चामखिळी आहेत. किती आहेत? वाढतायत की कमी होतायत?"

"मस मोजत न्हाईत, डॉक्टर," आत्या म्हणाल्या.

"मग मला कसं कळायचं?"

मालकांनी आत्यांकडं बघितलं, आत्यांनी माझ्याकडं. मला परक्या पुरुषाशी बोलता येत नाही. आजही जड जातं. पण तांबडीचे डोळे पांढरे व्हायला लागले होते. मी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि तिलाच म्हणाले, "सांग की गं. गवरीच्या सणाला एका हाताखाली मावत हुतं, आता दोन हात पुरत न्हाईत."

डॉक्टरांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग तेही तांबडीलाच विचारायला लागले. "बरं. आणि तेल पाजल्यावर काय झालं, बाई?"

"पोटात गेलंच न्हाई म्हणावं. मानंच्या निम्म्यातनं माघारी आलं."

आप्पा हसले. "आता गाय बोलाय लागली!" बाकी कुणी हसलं नाही.

डॉक्टरांनी रबरी नळी तिच्या घशातून आत सरकवली. जिथं तेल थांबलं होतं तिथंच नळी थांबली. त्यांनी ती फिरवली, मागं घेतली, पुन्हा घातली. पुन्हा तिथंच. तांबडीचे पुढचे पाय थरथरायला लागले. "बसू देऊ नका तिला!" ते ओरडले. मालकांनी आणि मी दोन्हीकडून खांदे लावले. डॉक्टरांनी पिशवीतून एक जाड टोकदार सळी काढली, तिच्याभोवती नळी होती, आणि ती फुगलेल्या भकाळीत सरळ खुपसली. सळी ओढून घेतली, नळी आत राहिली. मोठा फुस्स आवाज झाला. असा वास सुटला की आप्पा बांधापर्यंत मागं गेले. माझ्या खांद्याखाली तिचं पोट हळूहळू खाली बसत गेलं.

"जे बाहेर आहेत तेच आत, घशाच्या नळीत आहेत बहुतेक," डॉक्टर हात धूत म्हणाले. "वारा वर यायला वाट नाही. आजी, आता आतल्या मसांना घोड्याचा केस कोण बांधणार?"



मोठ्या दवाखान्यात न्यावं तर गाभण जनावर, टेम्पोत कोंडल्यावर वाटेत फुगलं तर कोण बघणार. डॉक्टरांनी नळी कातडीला टाके घालून पक्की केली. तिच्याच मानेतलं रक्त काढून तिच्याच मांडीत टोचलं, त्यानं अंगातली ताकद जागी होते म्हणाले. "हा विषाणूचा आजार. ताकद आली की मस आपोआप झडतात. आतलेही झडतात, पण ते आपल्याला दिसणार नाहीत. तोवर ही नळी तुंबू द्यायची नाही. तुंबली आणि जवळ कुणी नसलं, तर गायही जाईल आणि वासरूही."

मी खोपटात राहायला गेले. मुलगी अंगणवाडीतून तिकडंच यायची. नळीत चोथा अडकायचा, तो मी तारेनं काढायची आणि कोमट पाण्यानं जखम धुवायची. वैरण बंद. भिजवलेली पेंड आणि कोंडा यांचं पातळ आंबोण तेवढं द्यायचं, तेही घोटाघोटानं; फुगारा उतरल्यावर तेवढं पातळ खाली उतरत होतं. उसाच्या तोडी चालू झाल्या. शेजारच्या फडातून हिरव्यागार वाड्याचा, उसाच्या शेंड्यांचा, वास आला की तांबडी दावं ताणायची. मी तिला ओढून परत आणायची आणि मला तिच्यापेक्षा जास्त वाईट वाटायचं.

धुताना रोज तळहात ठेवायचा. दिवाळीत दोन हात. मग मस सुकायला लागले, राखाडी झाले, खरारा करताना हातात यायला लागले. मार्गशीर्षात एका हाताखाली मावले. आत्या खूश. पण मला बाहेरच्या मसांचं काही नव्हतं. आतलं मोजायला माझ्याकडं एकच हत्यार होतं, माझा अंगठा. डॉक्टरांनी शिकवलं तसा तो नळीच्या तोंडावर दाबायचा, दुसरा हात भकाळीवर ठेवायचा आणि ढेकराची वाट बघायची. वारा तोंडावाटे आला, म्हणजे आतले मस झडले. पहिल्यांदा केलं तेव्हा भकाळी माझ्या हाताखाली फुगत वर आली, तांबडीनं मान ताणली, आणि मी घाबरून अंगठा काढला. नंतरही तसंच. प्रत्येक वेळी वाटायचं, जरा जास्त थांबले असते तर आला असता. आणि वाटायचं, जरा जास्त थांबले असते तर गेली असती.

इकडं तिची कास भरायला लागली होती. या अवस्थेत व्याली तर कळा देताना फुगेल, ही एकच भीती.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी आत्या वाणाचं सामान रहिमतपुरातून घेऊन परस्पर रानात आल्या. मालक होते, आप्पाही आले होते. लम्पी नाही हे कळल्यापासून ते रोज यायचे आणि दर वेळी डॉक्टरला आपणच बोलावलं असं सांगायचे. मानेवर आता एकही मस नव्हता, नुसते पांढरे डाग. मी अंगठा लावला.

भकाळी वर यायला लागली.

"काढ पोरी," आप्पा म्हणाले.

"गप बसा वो," आत्या म्हणाल्या. पण त्यांनी पदर तोंडाला लावला होता.

माझ्या हाताखालचं कातडं ताणलं. तांबडीनं मान पुढं केली. मी मनात म्हणाले, अजून जरा, अजून जरा. अंगठा बधिर झाला. मग तिच्या पोटात खोल काहीतरी घरघरलं, गळ्यावरून एक लाट वर सरकत गेली, निम्म्यावर आली, थांबली नाही. तिनं तोंड उघडलं आणि माझ्या तोंडावर भिजल्या पेंडीचा आंबूस, गरम वारा आला.

"झाली वाट मोकळी!" आत्या ओरडल्या.

मालकांनी डॉक्टरला फोन लावला आणि काय सांगायचं ते न सुचून तो माझ्या कानाला लावला. पलीकडून बसका आवाज आला, "काय म्हणते तांबडी?"

"ढेकर दिला," मी म्हणाले. डॉक्टरांना म्हणाले, तांबडीला नाही.

"अंगठा काढलात का?"

काढला नव्हता. मी दुसऱ्या ढेकराची वाट बघत होते.